कापसाच्या खोलीतला पंखा

जून २०२३, दुसरा आठवडा. रोहिणी कोरडी गेली होती, मृग लागून चार-पाच दिवस झाले होते आणि आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. ओसरीच्या खिडकीत कुलर घोंघावत होता. मी त्याच्या वाऱ्यापासून जरा बाजूला बसून एका पुस्तकाची पानं लावत होतो. बाबा अंगणात बाजेवर पडले होते. तेवढ्यात लाइन गेली.

कुलरचा पंखा मंदावत मंदावत थांबला, ताट्यांवरून पडणाऱ्या पाण्याची टिपटिप थोडा वेळ चालली आणि तीही थांबली. शेजारचा टीव्ही बंद झाला. पिठाच्या गिरणीजवळचा दिवा गेला. गावात लाइन गेली की पहिली दोन-तीन मिनिटं सगळं गाव श्वास रोखून बसल्यासारखं असतं. त्या शांततेत एकच आवाज उरला, माझ्या मांडीजवळचा. आधी सूंऽऽ असा लांब सूर आणि त्याच्या पोटात बारीक घर्र-घर्र, मधूनच कर्र. बॅटरीवर चाललेल्या माझ्या लॅपटॉपचा पंखा होता तो.

अंधारातून बाबा म्हणाले, "काय वाजून राह्यलं गा थे?"

"लॅपटॉप आहे बाबा. पंखा आहे त्याच्या आत."

ते काही वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्याले वंगण पाह्यजे."

मार्चपासून कुलर सुरू होता, म्हणून हा आवाज माझ्या कानावर आलाच नव्हता. विदर्भात उन्हाळाभर घरात कुलरचाच आवाज असतो. बोलणं, भांडणं, अभ्यास, झोप, सगळं त्या आवाजाच्या वर किंवा खाली चालतं. त्याच्याखाली माझं यंत्र तीन महिने ओरडत होतं आणि मला पत्ता नव्हता. बाबांना मात्र अंगणातून, ऐंशीच्या घरात आलेल्या कानांनी, एका दमात कळलं.

बाबांचं आयुष्य आवाज ऐकण्यात गेलं आहे. बंडी, म्हणजे आमची बैलगाडी, पांदणीतून येत असली की दोन वावरं अलीकडून ते सांगायचे, ती कोणाची आहे आणि तिच्या डाव्या चाकाचं वंगण संपलंय. विहिरीवरची मोटार पाणी ओढते आहे की नुसती हवा, हे त्यांना घरात जेवताना कळायचं. हातातला घास तसाच ठेवून उठायचे. बंडीखाली टांगलेला वंगणाचा नळा मी लहानपणी पाहिलेला आहे, काळाकुट्ट, एरंडेलाच्या वासाचा. प्रवासाला निघण्याआधी चाक जरा बाहेर ओढून आखाला ते वंगण लावायचं, मगच बैल जुंपायचे. न वाजणारी बंडी ही आमच्याकडे घरधन्याची अब्रू समजली जायची.

लॅपटॉप २०१४ साली पुण्यात घेतला होता. २०२० च्या टाळेबंदीत मी त्याच्यासकट गावी आलो, यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात, आणि मग परत गेलोच नाही. पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन ही कामं इथूनही होतात. चारशे पानांचं पुस्तक उघडलं की तो तापायचा, पण काम पूर्ण करायचा. नऊ वर्षांचं यंत्र. कळा चकाकी जाऊन गुळगुळीत झालेल्या, 'अ'च्या कळीवरचं अक्षर तर पुसलंच गेलेलं. माझ्या हाताला मात्र ती बरोबर सापडायची. असं यंत्र सहजासहजी टाकवत नाही.

त्या वर्षी आमच्या घरात कापूस होता, आणि या सगळ्याचं मूळ त्या कापसातच आहे.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांच्या वर उडी घेतली होती. ज्यांनी लवकर विकला ते हळहळले, ज्यांनी थांबवला त्यांनी घराला रंग दिला. म्हणून पुढच्या वर्षी सगळ्यांनीच थांबवला. लांब धाग्याचा हमीभाव ६,३८० रुपये होता, बाजारात दिवाळीनंतर आठ-साडेआठ मिळत होते. पण मागच्या वर्षीचा भाव डोळ्यांपुढून हलत नव्हता. सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू केली तेव्हाच बाबा म्हणाले होते, "यंदा घाई नाही करायची." मग आमच्या एकुलत्या एका स्लॅबच्या खोलीत कापूस भरला. कवेलूच्या खोल्या गळतात, म्हणून स्लॅबची. खिडकीच्या वरपर्यंत पांढरा डोंगर, आणि दाराजवळ जेमतेम माझ्या टेबलापुरती जागा. प्लगचं बटण तिथेच होतं, त्यामुळे टेबल दुसरीकडे नेता येत नव्हतं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, भाव उतरत गेला. कापूस घरातच. घरात कापूस राहिला की काय होतं, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. अंगाला खाज सुटते. पोरांच्या हातापायांवर पुरळ येतात. तुरीच्या वरणात तंतू, देवाच्या तसबिरीवर तंतू, आईच्या चष्म्यावर तंतू. खोलीतला छताचा पंखा लावला की उन्हाच्या कवडशात ते तरंगताना दिसायचे, इतके हलके की खाली बसायचं नावच घेत नसत. जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रावर, काम करणारे लोक नाका-तोंडाला रुमाल का बांधतात, ते मला त्या वर्षी घरबसल्या कळलं. कापसाच्या धुळीने वर्षानुवर्षांत फुप्फुसं धरतात. गिरण्यांतल्या कामगारांचा तो जुना आजार आहे.

आम्ही माणसं शिंकत होतो, खाजवत होतो. लॅपटॉपला शिंकता येत नाही. तो तीच हवा पोटात घेत होता, दिवसाचे दहा-दहा तास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी सोपं ते पाहिलं. यंत्रात नेमकं काय चाललंय ते दाखवणारी यादी उघडली. ब्राउझरच्या वीसेक टॅब उघड्या होत्या, त्या बंद केल्या. मागे गुपचूप चालणारं अपडेट थांबवलं. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरऐवजी नव्याण्णव टक्के केली. एवढ्या एका टक्क्याने तो आपला जास्तीचा वेग घेणं सोडतो आणि बराच कमी तापतो. सूंऽऽ थोडा खाली आला. घर्र-घर्र होती तशीच राहिली. तापमान पाहिलं तर साधं पान लावतानाही पंच्याण्णव-सत्त्याण्णव अंश. इतका तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो. म्हणजे पानं सरकत नव्हती त्याचं कारण म्हातारपण नव्हतं. यंत्र गुदमरत होतं.

तालुक्याच्या नव्हे, त्याहून मोठ्या गावातल्या एका दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने तो चालू केला, आवाज ऐकला आणि झाकण न उघडता सांगितलं, "बोर्ड जाणार आहे. याच्यावर पैसे घालू नका, नवीन घ्या." नवीन पंचेचाळीस हजारांचा. एसटीत परत येताना मनात हिशेब सुरू झाला. त्या दिवशी कापूस ७,२०० ने चालला होता. सव्वासहा क्विंटल. आमच्या कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल निघतो. म्हणजे एका एकराची नांगरणी, पेरणी, निंदण, फवारणी आणि बायांची वेचणी, सगळं त्या एका डब्यात. आणि तेही तो उघडूनही न पाहता. मला राग आला होता, आजही येतो. दुरुस्तीला आणलेल्या वस्तूचं झाकण तरी उघडावं, एवढी त्या वस्तूला आणि आणणाऱ्याला इज्जत असावी.

गावात मोटारी भरणारे एक काकाजी आहेत. पंचक्रोशीतल्या जळालेल्या पंपांच्या मोटारींचं वायंडिंग तेच करतात. बाबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. मी म्हटलं, "काकाजी, हा कॉम्प्युटर आहे, पण आत मोटारच आहे." त्यांनी हात पुसले, लॅपटॉप उलटा पोत्यावर ठेवायला लावला. मग लांब पेचकस घेतला, त्याचं टोक पंख्याजवळच्या स्क्रूवर हलकेच टेकवलं आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावली. डोळे मिटले. पंपाचं बेअरिंग ते असंच ऐकतात, पोलादातून आवाज सरळ हाडात येतो. पाऊण मिनिट तरी ते तसेच होते. मग त्यांनी यंत्र एका बाजूला कलवलं, परत ऐकलं. उभं धरलं, परत ऐकलं.

"दोन दुखणे हायेत," ते म्हणाले. "एक तर याचा दम कोंडला. हवा आत येऊन राह्यली, पन बाहेर निघून नाही राह्यली. म्हनून थो सूं करते. अन् दुसरं, बुश सुकला. उभं धरलं की घर्र कमी होते, आडवं केलं की वाढते. म्हंजे दांडी बुशात डुगडुग करून राह्यली. पयले दम मोकळा कर. बुशाचं मंग पाहू."

बुश म्हणजे पंख्याची दांडी जिच्यात फिरते ती कडी. त्यांनी एकच गोष्ट विचारली, याला मिक्सरसारखे कार्बन, फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे, कुठे असतात. यात कार्बन नसतातच, पाच व्होल्टवर चालणारी बिनकार्बनची मोटार असते आणि चौथ्या तारेवरून तिला किती जोरात फिरायचं ते सांगितलं जातं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता आली, ती मी विसरणार नाही.

संध्याकाळी ओसरीत चादर अंथरली. कुलर बंद ठेवला. बॅटरीचा खटका सरकवून ती काढली, मग चालू करायची कळ काही क्षण दाबून धरली, आतली उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून. एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथून निघाला, तो चित्रात तिथेच चिकटपट्टीने लावत गेलो. अकरा स्क्रू. त्यातले दोन रबरी पायांखाली लपलेले. ते दिसले नाहीत म्हणून मी आधी झाकण ओढत बसलो होतो. बाबा विजेरी धरून बसले. झाकण निघालं.

आत तांब्याची एक चपटी नळी वळण घेत गेलेली दिसली. तिचं एक टोक प्रोसेसरवर आणि दुसरं कडेच्या जाळीदार पात्यांत. तिच्या आत अगदी थोडं पाणी असतं. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला जाऊन परत पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं, पुन्हा तापलेल्या टोकाकडे येतं. आईचा माठ, खिडकीतला कुलर आणि ही नळी, तिघांचं काम एकच: पाण्याच्या वाफेबरोबर उष्णता वाहून न्यायची. त्या नळीच्या थंड टोकाशी पंखा. लोहाराच्या भट्टीला वारा घालणारा हाताने फिरवायचा पंखा असतो, अगदी तसाच बसका, मधून हवा घेणारा आणि कडेने फेकणारा. त्याचे तीन स्क्रू काढले, तारेची टोपी सोडवली आणि तो उचलला.

पंखा आणि जाळी यांच्या मध्ये एक गादी होती.

दुसरा शब्द नाही. जाळीच्या रुंदीएवढी, करंगळीच्या निम्म्या जाडीची, दाबून बसलेली, राखाडी गादी. चिमट्याने टोक धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघून आली, नमद्यासारखी. जाळीच्या पात्यांमधल्या फटी एवढ्या बारीक की पोस्टकार्ड जाईल न जाईल, आणि त्या सगळ्या बुजलेल्या. हवा जायला वाट म्हणून नव्हती. पंखा नऊ महिने त्या गादीवर डोकं आपटत होता. जितकी वाट कमी, तितका तो जोरात फिरत होता, आणि जितका जोरात फिरत होता, तितकी गादी घट्ट होत होती.

बाबांनी विजेरी माझ्या हातात दिली आणि ती गादी उचलली. तिच्या कडेचा थोडा भाग त्यांनी चिमटीत घेऊन सुटा केला. दोन्ही अंगठे जवळ आणून तो पुंजका हळूच ओढला, पुन्हा जुळवला, पुन्हा ओढला. बाजारात व्यापाऱ्याचा माणूस गाडीतला मूठभर कापूस घेऊन असाच पाहतो, धागा किती लांब आहे, किती ताण सोसतो. वरची धूळ झडली आणि त्यांच्या काळ्या अंगठ्यांच्या मध्ये तंतूंची एक पांढरी, सरळ लट उभी राहिली, इंचभराची. तिच्यात वाळल्या पानाचा एक कण अडकला होता.

"आपलाच हाय," ते म्हणाले. "पयल्या वेचनीचा."

मी काही बोललो नाही. पहिल्या वेचणीचा कापूस सगळ्यात वर, दाराच्या बाजूला, माझ्या टेबलाच्या अंगाला रचला होता. ते खरंच होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे तापून त्या खोलीत आग लागली असती का गा?" तेव्हा मला कळलं की त्या रात्रीपासून त्यांच्या मनात काय होतं. कापसाची आग वरून दिसत नाही, आतल्या आत धुमसते, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्याकडे त्या खोलीत बिडी-काडी घेऊन कोणी पाऊल टाकत नाही. मी सांगितलं, शंभर अंशांच्या आसपास हा स्वतःच बंद पडतो, कापूस पेटायला त्याहून कितीतरी जास्त तापावं लागतं. त्यांनी मान हलवली. पण चार्जरची पिन सैल होऊन ठिणगी उडू शकते, जुनी बॅटरी फुगू शकते, हे मला माहीत होतं. त्याच रात्री मी टेबल ओसरीत आणलं आणि बोर्डवरून वायर ओढून घेतली. हे सहा महिने आधी करायला हवं होतं.

पुढचं काम काकाजींच्या दुकानात झालं. त्यांच्याकडे मोटारीतली धूळ उडवायचा ब्लोअर आहे. हवा मारताना मी पंख्याची पाती खराट्याच्या काडीने अडवून धरली. तसं न करता हवा मारली तर पंखा वेड्यासारखा फिरतो आणि उरलासुरला बुशही खातो. मग पंख्यावरचा गोल स्टिकर सुईने उचलून खाली शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, सुईच्या टोकावरून. एकच. आई गोडं तेल देत होती, पण ते काही दिवसांत चिकट होतं आणि धूळ धरतं. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती स्पिरिटने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवीन लावली. ही पेस्ट काही जादूची नसते. दोन धातूंच्या मधल्या न दिसणाऱ्या फटींत हवा राहू नये, एवढंच तिचं काम.

स्क्रू चित्रावरून उलट्या क्रमाने लावले. एकही उरला नाही. चालू केला, तेच चारशे पानांचं पुस्तक उघडलं. सत्तर-बहात्तर अंश, तेही बाहेर बेचाळीसचं ऊन असताना. डिसेंबरात तो याहूनही खाली येतो. खोलीतल्या हवेपेक्षा थंड तर कोणताच पंखा करू शकत नाही, आणि आमच्या खोलीतली हवा मे-जूनमध्ये काय असते ते इथल्याला सांगायला नको. सूंऽऽ गेला होता. घर्र अगदी बारीक उरली होती, कान लावला तरच ऐकू येणारी. काकाजींनी पेचकस लावून पाहिलंच. "दिवाळीपर्यंत चालते," म्हणाले. ऑक्टोबरात ती खरोखर परत आली. मग पंख्याच्या स्टिकरवरचा नंबर पाहून नवीन पंखा मागवला, साडेसहाशे रुपयांचा, आणि मीच बसवला. जुना काकाजींनी ठेवून घेतला. तो उघडून त्याची बारीक तारेची गुंडाळी त्यांनी भिंगाखाली पाहिली आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली.

पण त्याआधी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला. पेरणी तोंडावर, बी-खतांना पैसा हवा, आता थांबण्यात अर्थ नव्हता. सात हजारांच्या जरा वर भाव मिळाला. ट्रॅक्टर दाराशी लागला, चार माणसांनी पोती भरायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत नऊ महिन्यांचा डोंगर निघून गेला. बाबा ट्रॅक्टरबरोबर गेले नाहीत. आईने खोली झाडली, मग ओल्या फडक्याने भिंती पुसल्या, मग पुन्हा झाडली. कोपऱ्यात सरकीचे दोन-चार दाणे निघाले, ते तिने कोंबड्यांना टाकले.

संध्याकाळी रिकाम्या खोलीत टेबल परत ठेवलं, लॅपटॉप लावला. आणि दचकलो. पंख्याचा आवाज चांगलाच मोठा येत होता. झाकणावर हात ठेवून पाहिलं, गार. तापमान पाहिलं, पन्नाशीच्या आत. मग मी टाळी वाजवून पाहिली आणि उलगडा झाला. भिंती उघड्या पडल्या होत्या. इतके महिने त्या खोलीतला प्रत्येक आवाज कापूस पिऊन टाकत होता, माझ्या पंख्याचाही. म्हणून तर तिथे काम करताना तो मला कधी खटकला नाही, आणि ओसरीत आल्यावर, लाइन गेल्यावर, एकदम कानावर आदळला.

बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आधी उघड्या भिंतींकडे पाहिलं, वर जिथपर्यंत कापसाची खूण उमटली होती तिथपर्यंत. मग मान थोडी तिरपी केली, कान यंत्राकडे. बाहेर पत्र्यावर पाऊस सुरू झाला होता.

"हवा मारून राह्यला चांगला," ते म्हणाले, आणि तिफण पाहायला गोठ्याकडे गेले.